परसातील लिंबू : औषधाआधी निदान

मोरीच्या बाजूला कागदी लिंबाचे एखादे झाड आणि त्याच्या शेजारी कढीपत्ता, हे महाराष्ट्रातील अनेक घरांच्या परसात आढळणारे दृश्य आहे. हे झाड पिवळे पडू लागले की घरातील कोणीतरी एक पान घेऊन कृषी सेवा केंद्रात जाते आणि औषधाची बाटली घेऊन परतते. पाने पिवळी पडणे ही अनेक रोगांची समान खूण आहे. त्यामुळे एका पानावरून दिलेले औषध लागू पडलेच तर ते योगायोगाने. दोन-चार झाडांसाठी विस्तार कार्यकर्त्याने वेळ द्यावा का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो वेळ द्यायलाच हवा.

पाहणीची सुरुवात बुंध्यापासून व्हावी. मोरीचे सांडपाणी लिंबाच्या आळ्यात सोडण्याची पद्धत काटकसरीची वाटते. परंतु सतत ओल राहिल्याने फायटोफ्थोरा बुरशी बळावते. साल काळपट होऊन तडकते, डिंक पाझरतो, तंतुमुळे कुजतात आणि मग पाने पिवळी पडतात. हा डिंक्या रोग होय. अशा झाडाला पानांवरील टॉनिकची फवारणी व्यर्थ ठरते. प्रथम पाणी बुंध्यापासून दूर वळवावे, खोडाला लागलेली माती काढावी आणि दुहेरी आळे करून बाहेरच्या आळ्यातच पाणी द्यावे. रोगट साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून तेथे बोर्डो मलम लावावे. एक-दोन झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरेसे होते. मलम प्लास्टिकच्या भांड्यात करावे. लोखंडी भांडे वापरू नये.

पानांवर, काटेरी डहाळ्यांवर आणि फळांवर खरबरीत, उंचवट्याचे तपकिरी डाग व पानांवरील डागांभोवती पिवळे वलय दिसत असेल, तर तो खैऱ्या रोग समजावा. तो जिवाणूजन्य असून कागदी लिंबू त्याला विशेष बळी पडते. पावसाचे थेंब, वारा आणि पाने पोखरणाऱ्या अळीने केलेल्या जखमा यांमुळे त्याचा प्रसार होतो. रोगट डहाळ्या कोरड्या हवामानात छाटून नष्ट कराव्यात आणि नवती फुटताना कॉपर ऑक्सिक्लोराईड ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे. मात्र परसातील लिंबू जेवणाच्या वेळी तोडले जाते. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ घरात क्वचितच पाळला जातो. म्हणून फवारणीपूर्वी तयार फळे उतरवून घेण्याचा आणि लेबलवरील कालावधी पाळण्याचा सल्ला औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे. खैऱ्याचे डाग सालीपुरते असतात. असे लिंबू खाण्यास अपायकारक नसते, हेही गृहिणींना सांगावे.

बुंधा निरोगी आहे, डाग नाहीत, तरीही पाने पिवळी आहेत, अशा वेळी खरी कसोटी लागते. पान हातात धरून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. नवी पाने लहान, शिरा हिरव्या व त्यांमधील भाग पिवळा, आणि दोन्ही अर्धे सारखे असतील, तर जस्ताची कमतरता संभवते. झिंक सल्फेट ५ ग्रॅम व चुना २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून नवतीवर फवारल्यास सुधारणा दिसते. याउलट पिवळे-हिरवे चट्टे दोन्ही अर्धांत वेगवेगळे असतील, एखादीच फांदी आधी पिवळी पडली असेल, फळे वेडीवाकडी व बिया खुरटलेल्या असतील, तर ग्रीनिंगचा संशय घ्यावा. ग्रीनिंगच्या झाडात जस्ताच्या कमतरतेची लक्षणेही दिसू शकतात. त्यामुळे जस्त देऊनही फरक न पडल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने पीसीआर चाचणी करून घेणे इष्ट.

ग्रीनिंग बरा करणारा उपाय आजही उपलब्ध नाही. सायला ही कीड त्याचा प्रसार करते, आणि कढीपत्ता व कुंती या परसातील झाडांच्या कोवळ्या पालवीवरही ती वाढते. कॅलिफोर्नियात हा रोग २०१२ साली प्रथम सापडला, तो लॉस एंजेलिस परिसरातील एका घराच्या आवारातील झाडावर. वरूड, मोर्शी, काटोल या भागांत तर घराचे परस आणि संत्र्याची बाग यांत जेमतेम एका बांधाचे अंतर असते. बागायतदाराने बागेत सायलाचे नियंत्रण काटेकोर करावे आणि परसातील रोगट झाड तसेच उभे ठेवावे, यात विसंगती आहे.

घरातील वडीलधाऱ्यांनी लावलेले झाड काढा, असे सांगणे विस्तार कार्यकर्त्याला जड जाते. तरीही चाचणीत ग्रीनिंग सिद्ध झाल्यावर आशेपोटी फवारण्या सुचवत राहणे ही त्या कुटुंबाची फसवणूक ठरते. त्याच भेटीत खात्रीच्या रोपवाटिकेतील निरोगी रोप आणि मोरीच्या पाण्यापासून दूर अशी जागा सुचवता येते. बागांच्या सर्वेक्षणाला निघालेल्या कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या परसात दहा मिनिटे द्यावीत आणि बुंधा, पान, फळ या क्रमाने झाड पाहावे. परसातल्या झाडांची ही नोंद बागेच्या नोंदवहीतच व्हावी.