दरमहा लाभांशाचा मोह

कॅनडात, विशेषतः टोरोंटोच्या परिसरात, मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. पै-पैचा हिशेब ठेवण्याचा आपला स्वभाव सातासमुद्रापलीकडेही सुटत नाही. अशा बचतदारापुढे तेथील शेअर बाजारात एक मोहक पदार्थ मांडलेला असतो. त्याचे नाव ‘स्प्लिट शेअर’. मूळ किमतीवर वर्षाला 8 टक्के लाभांश, पडलेल्या बाजारभावाच्या हिशेबाने तर कधी 15 टक्के, आणि तोही दरमहा! निवृत्त वडिलांच्या औषधपाण्याची सोय झाली, असे कोणालाही वाटावे.

हा लाभांश येतो कोठून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रचना समजण्याजोगी आहे. कंपनी गुंतवणूकदारांकडून पैसा गोळा करून मोठ्या बँका, विमा कंपन्या, दूरध्वनी कंपन्या यांचे समभाग विकत घेते आणि त्यावर दोन प्रकारचे स्वतःचे भाग काढते. ‘डिव्हिडंड 15 स्प्लिट’ ही 2004 साली निघालेली कंपनी या प्रकाराचे चांगले उदाहरण आहे. 25 डॉलरच्या प्रत्येक युनिटमागे 10 डॉलरचा एक अग्रहक्क भाग आणि 15 डॉलरचा एक ‘ए’ वर्गाचा भाग. अग्रहक्कवाल्याला ठरावीक लाभांश आणि मुदतीअंती 10 डॉलर आधी मिळणार. उरेल ते ‘ए’ वर्गाचे. दुसऱ्या शब्दांत, ‘ए’ वर्गाचा भागधारक उसन्या पैशावर व्यवहार करीत असतो, फक्त त्या उसनवारीला कर्ज असे नाव नसते.

आता थोडे आकडे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा असल्यामुळे ते सोपेच आहेत. समभागांचे मूल्य 20 टक्क्यांनी घसरले की युनिट 20 डॉलरवर येते. त्यातून अग्रहक्काचे 10 वजा जाता ‘ए’ वर्गाला 10 उरतात, म्हणजे त्याचे नुकसान 33 टक्के. घसरण 40 टक्के झाली तर उरतात 5. युनिट 15 डॉलरच्या खाली गेले की ‘ए’ वर्गाचा लाभांश थांबतो, अशी अट असते. 2008 च्या मंदीत आणि 2020 च्या कोरोनाकाळात अनेक स्प्लिट कंपन्यांचे लाभांश थांबले, ते याच प्रकारच्या अटींमुळे. ज्या महिन्यात घरात पैशाची निकड, नेमक्या त्याच महिन्यात हात आखडता!

बाजार शांत असतानाही हिशेब अवघडच राहतो. ‘ए’ वर्गाला वर्षाला 1.20 डॉलर आणि अग्रहक्काला, समजा, 55 सेंट द्यायचे, तर 25 डॉलरवर 7 टक्के कमवावे लागतात. शिवाय व्यवस्थापनाचा खर्च. कॅनडातील बँका स्वतः साधारणपणे याहून कमी लाभांश देतात. उरलेली रक्कम भाववाढीतून येते. ती न आल्यास भागधारकाचेच मुद्दल लाभांश म्हणून त्याच्या हाती परत येते.

ब्रिटनने याच्या भावंडाचा अनुभव घेतला आहे. तेथील ‘स्प्लिट कॅपिटल’ ट्रस्टांपैकी अनेकांनी बँकांची कर्जे काढली आणि एकमेकांचेच भाग विकत घेतले. 2001-02 च्या सुमारास ते कोसळले. सुरक्षित म्हणून विकलेले ‘झिरो’ भागही बुडाले. 2004 च्या डिसेंबरात 18 संस्थांनी भरपाईसाठी 19 कोटी 40 लाख पौंड देण्याचे मान्य केले. कॅनडातील कंपन्या सामान्यतः एकमेकांचे भाग घेत बसत नाहीत, हा फरक न्यायाने सांगितला पाहिजे.

आपल्याकडे ‘यूएस-64’ ची रचना अगदी वेगळी होती. परंतु तेथेही घरोघरी लाभांशाचा आकडा पाहिला जाई, मागच्या मालमत्तेचे मूल्य नव्हे. जुलै 2001 मध्ये युनिट ट्रस्टने खरेदी-विक्री सहा महिने थांबविल्याचे जाहीर केले, तेव्हा कित्येक निवृत्तांच्या तोंडचे पाणी पळाले.

चढत्या बाजारात ‘ए’ वर्ग भरघोस देतो, हे खरे. चाळिशीतल्या कमावत्या माणसाने थोडी रक्कम जाणूनबुजून त्यात घातली, तर त्यात वावगे नाही. वृद्धांच्या पोटापाण्याचा पैसा मात्र तेथे ठेवू नये. मुलाने फोनवर “बाबा, 15 टक्के मिळताहेत” असे सांगितले, तर त्याला विचारावे : आज युनिटचे निव्वळ मूल्य किती, आणि कंपनी सुरू झाली त्या दिवशी ते किती होते? कंपन्या हे मूल्य नियमितपणे जाहीर करतात.