भीती खाऊची, धोका रस्त्याचा

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतली लाखो मुले भुतांची, चेटकिणींची, सुपरहिरोंची सोंगे घेऊन शेजाऱ्यांची दारे ठोठावतात आणि पिशवीभर चॉकलेट-गोळ्या घेऊन घरी येतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातली मराठी मुलेही त्यांत असतात. दिवाळी याच सुमारास येत असल्याने बऱ्याच घरांच्या दारात आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी दिसतात. पुण्या-मुंबईच्या काही गृहसंकुलांत आणि शाळांतही आता ‘हॅलोविन’ साजरा होऊ लागला आहे. हा सण आपला की परका, या वादात इथे शिरायचे कारण नाही. डॉक्टरपुढचा प्रश्न वेगळा आहे. त्या संध्याकाळी मुलांना खरा धोका कशाचा असतो?

बहुतेक पालकांचे उत्तर ठरलेले असते. कोणीतरी विकृत माणूस गोळीत विष घालेल, चॉकलेटमध्ये टाचणी किंवा ब्लेड खुपसेल. ही भीती अमेरिकेत निदान अर्धशतक जुनी आहे. तिच्यापायी तिथल्या काही रुग्णालयांनी मुलांच्या खाऊचे फुकट एक्स-रे काढून दिले. एक्स-रेत धातू दिसतो, विष दिसत नाही, हे ठाऊक असूनही पालकांच्या रांगा लागत.

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या शोधून एकेकीचा माग काढला. हॅलोविनला दारोदार मिळालेल्या खाऊत अनोळखी माणसाने काही मिसळल्यामुळे मूल दगावले किंवा त्याला गंभीर इजा झाली, अशी एकही सिद्ध घटना त्यांना आढळली नाही. बऱ्याच बातम्या म्हणजे मुलांनीच केलेली चेष्टा किंवा निव्वळ अफवा निघाल्या. विषारी खाऊने एक मूल खरोखर गेले, ते १९७४ साली टेक्सासमध्ये. पण सायनाइड घालणारा परका नव्हता. रोनाल्ड ओब्रायन या बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला ते दिले होते. संशय येऊ नये म्हणून तसाच खाऊ त्याने इतर मुलांनाही वाटला होता. त्यांनी तो खाल्ला नाही, हे नशीब. अनोळखी माणसाविषयीच्या भीतीची ढाल करून घरच्याच माणसाने खून केला. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

मग मुले दगावतात कशाने? रस्त्यावर, गाडीखाली. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या अपघाती मृत्यूंच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास बालरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. हॅलोविनची संध्याकाळ आणि तिच्या एक आठवडा आधीची व नंतरची संध्याकाळ, अशी तुलना संशोधकांनी केली. हॅलोविनला पादचाऱ्यांचा गाडीखाली मृत्यू होण्याचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये तो सुमारे दहापट होता. सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची. आकडा घाबरवणारा आहे, म्हणून त्याचे वजनही सांगायला हवे. एवढ्या मोठ्या देशात एका हॅलोविनमागे पादचाऱ्यांचे साधारण चार जादा मृत्यू होतात. सण बंद करावा असे हे संकट नाही. पण विषाच्या रकान्यात शून्य आणि रस्त्याच्या रकान्यात दरवर्षी काही जीव, हा फरक लक्षात घ्यायलाच हवा.

कारणे साधी आहेत. सहाच्या सुमाराला दिवस मावळत असतो आणि त्याच वेळी लोक कामावरून परतत असतात. मुलांचे कपडे काळे, तोंडावर मुखवटा, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूचे नीट दिसत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल उभ्या गाड्यांच्या मधून बाहेर येते तेव्हा चालकाला ते दिसतच नाही, कारण त्याची उंची बॉनेटएवढीही नसते. शिवाय येणारी गाडी किती दूर आहे आणि किती वेगात आहे, याचा अंदाज बांधण्याची क्षमता त्या वयात पुरती आलेली नसते. ‘बघून रस्ता ओलांड’ एवढे सांगून भागत नाही. त्याचा हात धरावा लागतो.

तरीही भीती खाऊचीच वाटते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. विष घालणारा परका माणूस डोळ्यांसमोर सहज उभा राहतो. गाडी चालवणारा मात्र आपल्यासारखाच कोणी घाई असलेला गृहस्थ असतो, कधी आपण स्वतःच असतो. त्याला खलनायक ठरवणे जड जाते. ही मानसिकता केवळ अमेरिकेची नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांचा जीव घेतला. परक्याची भीती मुलांना वाचवत नाहीच, वर माणसे मारते. आणि त्याच वर्षांत आपल्या रस्त्यांवर किती जीव जात होते? पुढे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यासाठी कोणत्या गावात जमाव जमल्याचे ऐकिवात नाही.

खाऊ अगदी निर्धोक असतो असेही नाही, पण त्यातला धोका निराळा असतो. चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळ्या, शेंगदाणे, पॉपकॉर्न देऊ नये. ते श्वासनलिकेत अडकतात. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला शेंगदाण्याने घुसमटलेली मुले पाहावी लागतात. खाताना मुलाला बसवावे, पळत-हसत खाऊ देऊ नये. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर प्रत्येक वेष्टन वाचावे आणि डॉक्टरांनी दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन सोबत ठेवावे. निळसर हिरवा भोपळा दाराशी ठेवलेल्या घरांत अशा मुलांसाठी खेळणी किंवा स्टिकर मिळतात.

विषबाधेचा खरा धोका बहुधा घरातच असतो. अमेरिकेत गांजा घातलेली चॉकलेटे आणि गोळ्या बऱ्याच राज्यांत कायदेशीर झाल्यापासून, सहा वर्षांखालच्या मुलांनी त्या खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडील नोंदी २०१७ मधील २०७ वरून २०२१ मध्ये ३,०५४ वर गेल्या. बहुतांश घटना घरातच घडल्या. कोणी मुद्दाम वाटल्या नव्हत्या; मोठ्यांनी आणलेल्या मुलांच्या हाती लागल्या. मराठी घरांत याला एक जोड आहे. नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांच्या गोळ्या पर्समध्ये, उशाशी किंवा प्लॅस्टिकच्या डबीत सुट्या असतात. ज्या घरात आठवडाभर गोळ्या-चॉकलेटांचा सुकाळ आहे, तिथे दोन वर्षांच्या मुलाला रक्तदाबाची गोळी आणि खाऊची गोळी यांतला फरक कळत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते आणि हा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. म्हणून औषधे कुलपात ठेवावीत. मुलाने गोळी गिळल्याची शंका आली, तर ते बरे दिसते म्हणून थांबू नये आणि उलटी करायला लावू नये. अमेरिकेत विषबाधा केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे; मूल गुंगीत असेल किंवा श्वास मंदावला असेल तर थेट ९११. आपल्याकडे १०८ ला फोन करून गोळ्यांच्या पाकिटासह रुग्णालय गाठावे.

बाकीची तयारी सोपी आहे. पोशाख घोट्याच्या वर असावा, म्हणजे पाय अडकत नाही. त्यावर आणि पिशवीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवावी. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा; रंग आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावा. डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या हौसेच्या लेन्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, त्यांनी बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. दिवाळीत पणत्यांजवळ घेरदार फ्रॉक आणि ओढण्या सांभाळतो, तोच नियम इथे. कपड्याने पेट घेतला तर मुलाला पळू देऊ नये. जमिनीवर लोळवून आग विझवावी, भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नये.

आणि त्या संध्याकाळी पाच ते आठ या वेळात ज्यांच्या हाती स्टिअरिंग आहे, त्यांनी वस्तीच्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने न्यावी. पुण्या-मुंबईतल्या संकुलांच्या कार्यकारिणीलाही हे सहज जमेल. मुलांचा कार्यक्रम असेल त्या दोन-तीन तासांत आतल्या रस्त्यावर गाड्या बंद ठेवाव्यात आणि फाटकाशी एक माणूस उभा करावा. दिवाळीत, गणपतीत, होळीतही तेच करावे. ज्यांना मुलांच्या पिशवीतला खाऊ तपासायचा आहे त्यांनी तो जरूर तपासावा. मात्र आधी मुलांबरोबर रस्त्यावर चालावे, त्यांचा हात धरून.