आधी खेळ निवडा, मग गाळा!

हाँगकाँग सेव्हन्स ही रग्बी स्पर्धा १९७६ पासून चालते. मैदान पूर्ण मोठंच, पण संघात पंधराऐवजी सातच खेळाडू आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन सत्रांचा. इथे सर्वाधिक विजेतेपदं कोणाची? चिमुकल्या फिजीची! २०१६ ला ऑलिम्पिक सुवर्णही त्यांनी याच प्रकारात, ब्रिटनला ४३-७ हरवून मिळवलं. पंधरा जणांच्या विश्वचषकात मात्र फिजी उपांत्यपूर्व फेरीपुढे गेलेला नाही.

माझं स्पष्ट मत आहे: मोठ्या मार्टशी भावात भिडाल, तर साठवलेलं भांडवल बुडेल. तासाभरात घरपोच माल, जागेवर दुरुस्ती, जिथे चपळाई चालते तिथेच उतरा. तुमचा खेळ कोणता, ते आज वहीत लिहा. गाळ्याचं डिपॉझिट त्यानंतर भरा.