सोमल, शिसे आणि संशय



एखाद्या देशातील पुढारी अकस्मात दगावला आणि बातमीत ‘विषप्रयोगाचा संशय’ हे शब्द आले, की ती बातमी आपण कादंबरीसारखी वाचतो. आर्सेनिक, पारा, थॅलियम ही नावे तेवढ्यापुरती कानांवर पडतात आणि विरून जातात. हेच धातू आपल्या घरात मात्र फार निमूटपणे वावरतात आणि वृद्धांच्या बाबतीत दोन उलट प्रकारचे घोटाळे करतात. विष खरोखर शरीरात असते तेव्हा ‘आता वय झाले’ या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. आणि नसते तेव्हा त्याच्या नुसत्या संशयाने घर पोखरले जाते. अशा संशयाची शहानिशा कशी करावी, हे राजवाड्यांतील प्रकरणांवरून चांगले उमगते. म्हणून आज थोडा इतिहास.

आपल्याला सर्वांत जवळचे प्रकरण बडोद्याचे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी तेथील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेयर फेरफटका आटोपून बंगल्यावर परतले. रोजच्याप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला तयार होता. दोन-तीन घोट घेऊन उरलेले सरबत त्यांनी ओतून दिले. अर्ध्या तासात मळमळ सुरू झाली, डोके गरगरू लागले, तोंडाला धातूसारखी विचित्र चव आली. पेल्याच्या तळाशी गडद गाळ दिसला, तो त्यांनी रेसिडेन्सीच्या डॉक्टरांकडे सोपवला. पुढे मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञांनीही तपासणी केली. गाळात सोमल, म्हणजे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड, निघाले आणि त्यासोबत हिऱ्याची भुकटी.

संशय गेला थेट महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. रेसिडेंट आणि महाराज यांचे वैर जगजाहीर होते. महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा सदस्यांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील विलायतेहून आले. आयोगातील तिन्ही इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी ठरवले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांनी आरोप शाबीत झाल्याचे मान्य केले नाही. मते सरळ दुभंगली. सरकारने अखेर गैरकारभाराचे कारण पुढे करून एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले व मद्रासला पाठवले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक म्हणून गादीवर आला. तेच पुढचे सयाजीराव महाराज.

यातील हिऱ्याच्या भुकटीविषयी जाता जाता एक खुलासा. हिरकणी खाऊन प्राण दिल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. त्याच्या अंगी विषाचा गुण नाही. पेल्यात काम करणारा पदार्थ होता तो सोमल. आणि माझ्या मते या खटल्यातील मोलाची गोष्ट अशी की, गाळात सोमल आहे हे रसायनशास्त्राने निर्विवाद सांगितले, पण तो कोणी घातला हे सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते. या दोन प्रश्नांची गल्लत सरकार दरबारी होते तशीच घरातही होते.

सोमल हे राजकारण्यांचे आवडते विष का झाले? तो पांढरा, पिठासारखा. वास नाही, अन्नात मिसळला तर चवही फारशी लागत नाही. आणि त्याने होणाऱ्या वांत्या, जुलाब व पोटातील कळा हुबेहूब पटकीसारख्या. ज्या काळात पटकीने घरेच्या घरे ओस पडत, त्या काळात आणखी एक मृत्यू कोणाच्या डोळ्यांवर येणार? १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने अत्यल्प आर्सेनिकही काचेवर चकाकत्या काळपट थराच्या रूपात दाखवणारी चाचणी शोधली, तेव्हा कुठे विष देणाऱ्यांना वचक बसला.

पण विष सापडणे एवढ्याने भागत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर जुलै १८५० मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या समारंभानंतर पाचच दिवसांत, पोटाच्या विकाराने वारले. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा विस्तार त्यांना नको होता. त्यामुळे विरोधकांनी सोमल दिला अशी कुजबूज जवळजवळ दीड शतक टिकली. अखेर १९९१ मध्ये त्यांचे अवशेष थडग्यातून काढून केस व नखे तपासली. आर्सेनिक सापडले! मात्र ते कोणाही माणसाच्या शरीरात असते तेवढेच. मृत्यू घडवण्यास लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पटींनी कमी. नेपोलियनच्या केसांत आजच्या मानाने पुष्कळच अधिक आर्सेनिक निघाले, तेव्हा सेंट हेलेना बेटावर त्याला विष दिल्याची बातमी जगभर झाली. २००८ मध्ये इटलीतील संशोधकांनी त्याचे बालपणीचे केस तपासले, पत्नी जोसेफिनचे आणि मुलाचेही तपासले. सर्वांतच आर्सेनिक तितकेच जास्त! त्या काळच्या रंगांत आणि औषधांत ते मुबलक असे. याउलट चीनचा सम्राट ग्वांगशू १४ नोव्हेंबर १९०८ रोजी, सत्ता हाती ठेवणारी राजमाता त्सशी हिच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, वारला होता. त्याच्या केसांतील आर्सेनिक सर्वसामान्य प्रमाणाच्या सुमारे २,००० पट निघाले. तेथे मात्र संशयाला जागा उरली नाही. हात कोणाचा, हे तेवढे अज्ञात राहिले.

किती, केव्हापासून आणि इतरांच्या तुलनेत किती, हे तीन प्रश्न सम्राटांच्या केसांना विचारले तसेच आपल्या आजीच्या रक्ताच्या अहवालालाही विचारावे लागतात. चौथा प्रश्न लंडनच्या एका रुग्णालयाने शिकवला. नोव्हेंबर २००६ मध्ये अलेक्झांडर लिट्विनेन्को या माजी रशियन हेराचे केस गळू लागले, तेव्हा थॅलियमची शंका घेतली गेली, कारण केस गळणे ही त्याची ओळखीची खूण. प्रत्यक्षात ते पोलोनियम हे किरणोत्सारी द्रव्य होते. नेहमीच्या चाचण्यांत ते दिसेना आणि कळले तेव्हा रुग्णाच्या हाती काही तासच उरले होते. ज्याची चाचणी मागितलीच नाही, ते अहवालात येत नाही.

आपल्या घरी हे अगदी साध्या रूपात घडते. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी दिसेल, पण शिसे दिसणार नाही. त्यासाठी ‘रक्तातील शिशाचे प्रमाण’ अशी स्वतंत्र चाचणी सांगावी लागते. आणि वृद्धांना शिशाचा प्रश्न विशेष लागू आहे. प्रौढ शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत जाऊन बसते आणि दशकानुदशके तेथेच राहते. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत विकले जात होते. ज्यांनी आयुष्यभर वाहतुकीच्या चौकात दुकान चालवले, छापखान्यात खिळे जुळवले, बॅटऱ्या दुरुस्त केल्या किंवा जुने रंग खरवडले, त्यांच्या हाडांत तो साठा असू शकतो. उतारवयात हाडे झिजू लागली, विशेषतः स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यावर, की तो पुन्हा रक्तात उतरतो. मग रक्तक्षय, बद्धकोष्ठ, पोटातील कळा, वाढता रक्तदाब, चिडचिड, विसराळूपणा. यांतील एकेक लक्षण सुटे पाहिले तर म्हातारपणच वाटते.

बाहेरून येणारे शिसे निराळे. कल्हईच्या कथलात भेसळ असते, काही सुरम्यांत शिसे असते, आणि काही औषधांतही. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याचा अर्थ आयुर्वेद वाईट, असा कोणी काढू नये. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म आणि मल्लसिंदूरात सोमल, हे रसशास्त्राचे ग्रंथ लपवीत नाहीत. म्हणून तर शोधनाचे आणि मात्रेचे नियम इतके कडक. माझा आक्षेप आहे तो मधुमेह ‘मुळापासून’ घालवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांवर. वेष्टनावर घटक लिहिलेले नसतील, तर घेऊ नका. विषाची परीक्षा पाहू नये, हे आपली आजीच सांगून गेली आहे. घेत असाल तर थांबवा आणि उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. कर्नलसाहेबांच्या पेल्यात गाळ उरला, म्हणून तर तपास झाला.

चाचणीविषयी एक विशेष सूचना कोकणातील व गोव्यातील वाचकांसाठी. मासळीत आर्सेनिकचा एक निरुपद्रवी प्रकार नैसर्गिकरीत्याच असतो. लघवीतील आर्सेनिक तपासायचे असेल, तर आधीचे चार-पाच दिवस मासळी वर्ज्य करा, नाहीतर आकडा पाहून घरात रडारड होईल. केसांची चाचणी करून ‘शरीरातील सर्व धातू’ दाखवणारे आणि लगेच शिरेतून औषध देऊन ते ‘धुऊन’ काढणारे दवाखाने निघाले आहेत. धातू बाहेर काढणारी औषधे आहेत आणि खऱ्या विषबाधेत ती प्राण वाचवतात. पण निदानाशिवाय दिली तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, आणि त्यांतील एका प्रकाराने रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत उतरते.

आता दुसरा घोटाळा. शुश्रूषा करणाऱ्यांना तोच अधिक सलतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आपल्या अन्नात कोणी काही कालवते असे वाटू लागणे, हे त्या आजाराचे नित्याचे लक्षण आहे. आरोप बहुधा त्याच व्यक्तीवर येतो जी दिवसरात्र सेवा करते. सूनबाई, सासूबाईंचे ते बोलणे तुमच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. वाद घालू नका, शपथा घेऊ नका. एकाच पातेल्यातून दोघींची ताटे वाढा आणि शेजारी बसून जेवा. संशय एक-दोन दिवसांतच अचानक उफाळला असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे किंवा नवे औषध अशानेही असा भ्रम होतो.

तरीही तक्रार एकदा तरी नीट तपासावीच, कारण वृद्धांचे खरे बोलणेही भ्रम म्हणून उडवले जाते. गोळ्यांचा डबा उघडून कोणती गोळी किती वेळा दिली जाते ते पाहा. आणि ‘अन्नाला धातूची चव येते’ असे म्हणत असतील, तर सकाळी उपाशीपोटी, तोंड धुतल्यावर तीच चव येते का, ते विचारा. येत असेल, तर आधी मधुमेहाच्या मेटफॉर्मिनकडे, नुकत्याच घेतलेल्या मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळ्यांकडे आणि हिरड्यांकडे वळा. स्वयंपाकघराची झडती नंतर.