रुग्णाचे दप्तर रुग्णाच्या हाती

रुग्णाने मागणी केली असता त्याच्या केस पेपरची नक्कल रीतसर शुल्क घेऊन त्यास देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि त्या बाबतीत गुप्ततेची सबब चालणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिला होता. पुढे २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या आचारविषयक विनियमांत अशी कागदपत्रे ७२ तासांच्या आत देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. आपल्या आजाराचे दप्तर पाहण्याचा हक्क रुग्णाला मोबाइलने मिळवून दिला, हा समज म्हणूनच खरा नाही. हक्क होताच, परंतु तो बजावण्यासाठी अर्ज लिहावा लागे, रेकॉर्ड विभागाची खिडकी गाठावी लागे, आणि विम्याचा दावा अडल्यावाचून किंवा तंटा उद्भवल्यावाचून सहसा कोणी त्या वाटेस जात नसे. रुग्णालयांच्या ऑनलाइन पोर्टलांचे मोल या पार्श्वभूमीवर जोखले पाहिजे. घरबसल्या नंबर लागतो, बिल भरता येते, या सोयी चांगल्याच आहेत. पण त्या गौण होत.

मुलुंडसारख्या उपनगरात या प्रश्नाची निकड विशेष जाणवते. येथे महापालिकेची अगरवाल आणि सावरकर ही रुग्णालये आहेत, कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, गोरेगाव जोडरस्त्यावर फोर्टिससारखे मोठे खाजगी रुग्णालय आहे, आणि यांखेरीज पाच रस्त्यापासून नवघर रोडपर्यंत नर्सिंग होम, दवाखाने व पॅथॉलॉजी लॅब गल्लोगल्ली आहेत. साठी ओलांडलेला एखादा मधुमेही गृहस्थ वर्षभरात यांपैकी तीन-चार ठिकाणी सहज जाऊन येतो, आणि त्याच्या आजाराचा सारा इतिहास एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला असतो. समजा, त्या पिशवीतल्या एका कागदावर क्रिएटिनिन १.१ आहे, सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबने दिलेल्या कागदावर ते १.३ आहे आणि पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या कागदावर १.६. प्रत्येक वेळी डॉक्टरांपुढे एकच कागद येतो, ‘किंचित वाढलेय, पाणी पीत जा’ एवढ्यावर भेट संपते, आणि दरम्यान गुडघेदुखीसाठी दुसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, जी मूत्रपिंडाला अपाय करू शकते, ती रोज पोटात जात राहते. यात दोष कोणा एकाचा नाही. तेच तीन आकडे एका पडद्यावर एकाखाली एक आले असते, तर डॉक्टरांच्याच काय, त्या गृहस्थाच्याही ध्यानात आले असते की काहीतरी बिघडत चालले आहे, आणि ‘ही गोळी चालू ठेवू का?’ हा प्रश्न त्यानेच विचारला असता. रुग्णाचा उपचारांतील सहभाग म्हणतात तो या एका प्रश्नापासून सुरू होतो.

दप्तर उघडे केल्याने काय घडते, याचा पडताळा परदेशात घेतला गेला आहे. अमेरिकेत बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिअ‍ॅटल येथील शंभरांवर डॉक्टरांनी २०१० साली आपली टिपणे हजारो रुग्णांना ऑनलाइन वाचावयास दिली. रुग्ण घाबरतील, डॉक्टरांचा वेळ वाया जाईल, अशी भीती पुष्कळांनी बोलून दाखवली होती. परंतु वर्षाअखेर ९९ टक्के रुग्णांना ही वहिवाट चालू राहावी असे वाटले, एकाही डॉक्टरने ती बंद केली नाही, आणि आपण औषधे अधिक नेमाने घेऊ लागलो असे बहुसंख्य रुग्णांनी सांगितले. वाईट बातमी पडद्यावर एकट्याने वाचण्याची पाळी कोणावर येऊ नये, हे मला मान्य आहे. त्यासाठी कर्करोगासारख्या निदानाचा अहवाल डॉक्टरांच्या भेटीबरोबरच खुला करावा. पण त्या धास्तीपोटी सारेच दप्तर बंद ठेवणे समर्थनीय नाही.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे, आणि त्याची रचना मला विचारपूर्वक केलेली वाटते: कागदपत्रे एका मध्यवर्ती कोठारात जमा होत नाहीत, ती ज्या रुग्णालयात वा लॅबमध्ये तयार झाली तेथेच राहतात, आणि रुग्णाने ठरावीक मुदतीची संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. ही संमती मागेही घेता येते. मात्र दिल्लीच्या ‘एम्स’ची संगणकव्यवस्था नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने कोलमडली आणि कित्येक दिवस कारभार हाताने लिहून चालवावा लागला, हे विसरून चालणार नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याची अंमलबजावणी लहानशा नर्सिंग होमच्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे.

पण माझा सर्वांत मोठा आक्षेप भाषेसंबंधी आहे. इंग्रजी अहवाल फोनवर आला म्हणून तो वाचता येतोच असे नाही. गव्हाणपाड्यातल्या आजींच्या हाती ‘क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज थ्री’ एवढे शब्द देऊन कोणीही त्यांना सहभागी करून घेत नसते. स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून चालावा असा कायदा विधिमंडळाने २०२२ मध्ये संमत केला आहे. तेव्हा महापालिकेच्या रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर आणि पोर्टलवर निदान, औषधांच्या वेळा व पुन्हा केव्हा यावे हा तपशील सोप्या मराठीत द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, किंवा ज्यांचा ओटीपी ठाण्याला राहणाऱ्या मुलाच्या फोनवर जातो, त्यांच्यासाठी छापील प्रत आणि मदतीला एक माणूस खिडकीवर असलाच पाहिजे. मुलाने बापाचे अहवाल बापाच्या संमतीने पाहावेत, त्याच्याऐवजी नव्हे.

मुलुंडमध्ये महाराष्ट्र सेवा संघासारखी संस्था आहे, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत. त्यांनी महिन्यातून एक सकाळ या कामी द्यावी आणि आभा क्रमांक काढणे, संमती देणे व ती मागे घेणे वडीलधाऱ्यांना शेजारी बसून शिकवावे. आणि वाचकहो, पुढच्या खेपेस दवाखान्यातून निघण्यापूर्वी आपल्या अहवालांची प्रत, कागदावर असो वा फोनवर, अवश्य मागून घ्या.