पद्मिनीचे रबर

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली फियाट, म्हणजे पुढे पद्मिनी झालेली गाडी, आजही कित्येक घरांच्या अंगणात अथवा पेढीमागच्या गाळ्यात उभी असते. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच सेवेतून निघाली. घरच्या गाड्यांना मात्र आता नातवंडांचे आस्थेवाईक हात लाभू लागले आहेत. आजोबांची गाडी पुन्हा चालती करण्याचा संकल्प स्तुत्यच आहे. केवळ एवढेच, की बहुतेकांचा पैसा प्रथम रंगावर आणि गाद्यांवर खर्च होतो.

पुढील चाकांच्या दांड्यांचे सांधे, मागील पाट्यांची टोके, शॉकअबसॉर्बरच्या खुंट्या, या साऱ्या ठिकाणी लोखंड लोखंडास भिडू नये म्हणून रबराचे बुश बसविलेले असतात. जिन्नस अंगठ्याएवढा, परंतु तो निकामी झाला की खड्ड्यात खडखडाट होतो, ब्रेक दाबताच गाडी एका अंगास ओढू लागते, टायर एकाच कडेने झिजतो. असे बुश ठेवून घरातील माणसांना महामार्गावर नेणे हे धाडस नव्हे, हयगय आहे.

‘गाडी फारशी चाललीच नाही, मग झिजेल कशी?’ असे पुष्कळांना वाटते. इंजिनाविषयी एक वेळ ते चालेल. रबरावर मात्र हवेतील ऑक्सिजन अविरत क्रिया करीत असतो, त्याने ते कडक व ठिसूळ होते. ओझोन तर ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पाडतो. उभ्या गाडीतील रबर वर्षानुवर्षे एकाच जागी दबून आकार गमावते. वरून इंजिनाचे तेल ठिबकत असल्यास फुगून मऊ पडते.

हाच न्याय दुकानाच्या फळीवरील मालासही लागू आहे, आणि येथे आपल्या व्यापाराचा संबंध येतो. ‘जुना ओरिजिनल, न वापरलेला’ म्हणून कंपनीच्या खोक्यातील बुश चढ्या भावाने विकले जातात. त्याच काळातील पाटा किंवा बोल्ट गंजलेला नसेल तर त्यास तो भाव रास्त होय. रबराचे वय मात्र खोक्यातही वाढते. गिऱ्हाइकाने निर्मितीचे वर्ष विचारावे. विक्रेत्यास ठाऊक नसेल तर त्याने तसे स्पष्ट सांगावे. बुश बोटांनी पिळून पाहावा. बारीक चिरा उघडल्या किंवा नख मुळीच रुतले नाही, तर तो परत करावा. पांढुरका थर दिसला म्हणून लगेच नाकारू नये. कित्येकदा ते रबरात मिसळलेले संरक्षक मेण वर आलेले असते.

आता पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते अधिक टिकतात, पण गाडी हादरे अधिक देते आणि ग्रीस सुकले की ते किरकिरतात. कुटुंबाच्या गाडीस ताज्या घडणीचे रबरच मानवते, असे माझे मत आहे. ते दोन्ही बाजूंस एकाच वेळी बदलावे. ज्या बुशचे रबर धातूच्या नळीस पक्के चिकटविलेले असते, त्याचा बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळून टाकू नये. तसे केल्यास गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि नवा बुशही लवकर फाटतो. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन येऊ देऊन मगच अखेरचा आवळा द्यावा. व्हील अलाइनमेंट त्यानंतर.