चोर सोडून संन्याशाला सुळी

एका लेखकमहाशयांनी अलीकडे आपल्या लॅपटॉपवर निखळ मुक्त सॉफ्टवेअरचा प्रयोग केला आणि तो कसा फसला याची हकिकत मोठ्या चवीने छापून आणली. नाव घेत नाही. असे महाशय दर गावात एक तरी सापडतात. हे जरा जास्त वाचले जातात, एवढेच. शनिवारी संध्याकाळी त्यांनी विंडोज उडवून ट्रिस्केल ही मुक्त प्रणाली बसवली, रविवारी जेवणानंतर ट्रिस्केल उडवून विंडोज परत बसवून घेतले (‘घेतले’ म्हणतो, कारण फॉरमॅट मारायला भाचा आला होता) आणि लगेच निकालपत्र लिहायला बसले.

निकालपत्र असे: वाय-फाय लागले नाही. प्रिंटर ढिम्म. वीस वर्षांचे मराठी लेखन उघडून पाहिले तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. मदत मागितली तर मदतीऐवजी कीर्तन ऐकावे लागले. सबब मुक्त सॉफ्टवेअर हा रिकामटेकड्या इंजिनियरांचा छंद आहे, संसारी माणसाने त्या वाटेला जाऊ नये, आणि तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही. हे शेवटचे वाक्य लिहिले की आपल्याकडे टाळ्या ठरलेल्या. आयुष्यभर तत्त्वज्ञानाकडे न फिरकलेली माणसेही अशा वेळी तत्त्वज्ञानावर रेलून बसतात.

महाशयांचे हाल खरे आहेत, हे आधीच सांगतो. त्यातला एकही त्यांनी रचलेला नाही. प्रश्न एवढाच, की पंचनामा केला तो नेमका कुणाच्या दारात?

प्रिंटरचे गाऱ्हाणे वाचून तर मला हसू आवरेना, कारण ही सगळी चळवळ जन्मली तीच एका प्रिंटरपायी. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रॅमर होते. कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर सूचना जावी, एवढी सोय त्यांना करायची होती. आधीच्या प्रिंटरला त्यांनी ती केलीही होती. या खेपेला प्रोग्रॅमचा सोर्स कोड मागितला, तर मिळाला नाही. १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे ही ठसठस होती. तेव्हा प्रिंटर ढिम्म बसतो तो सॉफ्टवेअर मुक्त असल्याने की प्रिंटरची गुपिते बंद असल्याने, हा प्रश्न महाशयांच्या जन्माइतका नसला तरी त्यांच्या पहिल्या संगणकापेक्षा नक्कीच जुना आहे.

वाय-फायचे दुखणेही त्याच जातीचे. चिपमध्ये फर्मवेअर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम भरावा लागतो. बहुतेक कंपन्या तो तयार, बंद स्वरूपात देतात. आत काय आहे ते पाहायचे नाही, बदलायचे नाही. ट्रिस्केलसारख्या निखळ प्रणालीत लिनक्सचा गाभाच असा वापरलेला असतो की त्यातून हे बंद तुकडे काढून टाकलेले आहेत. मग चिप मुकी राहते. अथेरॉस कंपनीच्या काही जुन्या चिपांना असा तुकडा लागतच नाही, त्या बिनबोभाट चालतात. पण गिऱ्हाइकाला हे कळणार कसे? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही काउंटरवर उभे राहून विचारून पाहा, ‘शेठ, ह्यात वाय-फायची चिप कुठली?’ शेठ तुमच्याकडे आयकरवाल्याकडे पाहावे तसे पाहील आणि म्हणेल, ‘साहेब, वाय-फाय आहे ना? मग चिपचं काय करायचंय?’ खोक्यावर रॅम लिहिलेली असते, वजन लिहिलेले असते, आयातदाराचा पिनकोडही असतो. चिपचे नाव नसते. एकाच मॉडेलच्या दोन खेपांत दोन वेगळ्या चिपा निघू शकतात. ही लपवाछपवी करतो कोण आणि लेखात शिव्या खातो कोण!

शिवाय महाशयांनी सगळ्यांत कडक पथ्याची प्रणाली निवडली होती. डेबियन या दुसऱ्या मुक्त प्रणालीवाल्यांनी २०२२ साली आपापसांत मतदान घेऊन फर्मवेअरचे बंद तुकडे इन्स्टॉलरमध्ये ठेवायचा निर्णय केला आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून तसे दिलेही. म्हणजे मधली वाट उघडी होती. महाशयांनी निर्जळी एकादशी धरली आणि दुपारी भूक लागली म्हणून उपासाच्या संकल्पनेवरच अग्रलेख लिहिला.

आता त्या उकिरड्याकडे वळू. इथे मी थोडा लांबणार आहे, वाचकांनी सोसून घ्यावे. कारण हा आरोप इतका उलटा आहे की तो सुलटा करायला जागा लागते.

महाशयांचे वीस वर्षांचे मराठी लेखन मुक्त प्रणालीत उघडले आणि त्याचा कचरा झाला, असे ते म्हणतात. झाला नाही. तो होताच. वीस वर्षे तो त्यांना दिसत नव्हता. मराठी अक्षरजुळणीचे आपल्याकडचे जुने फॉन्ट आठवा. त्यांची युक्ती साधी होती: संगणकाला मराठी शिकवायचेच नाही, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कृतिदेव घ्या. त्यात ‘मराठी’ असे टाइप केले की पडद्यावर म, रा, ठी दिसते. फायलीत मात्र ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. ‘किती’ लिहा, आत जाते एफ, डी, आर, एच. यातले एफ म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती क-च्या आधी बसलेली, कारण चित्रात ती डावीकडे दिसते! उच्चाराचा, वर्णक्रमाचा, व्याकरणाचा काही संबंध नाही. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये हीच चार अक्षरे भलतेच काहीतरी दाखवतील, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी. दुकान बदलले की लिपी बदलली.

हे मराठी नव्हे, मराठीचा मुखवटा आहे. त्यात ‘तुकाराम’ शोधा म्हटले तर संगणक हात वर करतो, कारण फायलीत तुकाराम कुठे आहे? सूची अकारविल्हे लावता येत नाही. मजकूर मेलमध्ये चिकटवला की मुखवटा गळून पडतो. आणि ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही तिथे उघडला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. ती विंडोजवरही पडतात! महाशयांनी आपली फाइल फॉन्ट नसलेल्या कुठल्याही विंडोजवाल्या शेजाऱ्याकडे नेऊन उघडावी. तोच उकिरडा, त्याच वासासकट. मुक्त प्रणालीने केलेला गुन्हा एवढाच, की तिने फाइलमध्ये जे होते ते दाखवले.

वर अशा फॉन्टांच्या अनेक सॉफ्टवेअरबरोबर डोंगल (कुलपासारखी छोटी डबी) यायचे. ते मशीनच्या मागे पॅरलल पोर्टात खोचल्याशिवाय प्रोग्रॅम चालायचा नाही. आता पॅरलल पोर्ट कुठे आहेत? पुण्यात एका मुद्रकाकडे मी हे पाहिले आहे: कोपऱ्यात प्लास्टिकचे आवरण घातलेले जुने मशीन, मागे डोंगल, वर स्केचपेनने पुस्तकांची नावे लिहिलेल्या सीड्यांची चळत. एखाद्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची असली की आवरण काढायचे. हे बंद पडले तर काय, असे विचारल्यावर ते प्रुफातून मान वर न करता म्हणाले, ‘मग काय, पुन्हा कंपोज.’ भाड्याचे घर सोडताना मालकाने ट्रंका अडवून ठेवल्या, तर शिव्या नव्या घराच्या मालकाला घालायच्या का? महाशयांनी त्याच घातल्या आहेत.

हा वाद मला नवा नाही. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१ सालीच आली होती, विंडोज २०००पासून ती विंडोजवरही चालत होती. तरी पुढे कितीतरी वर्षे परिसंवादांतून आम्ही ऐकत होतो की युनिकोड छपाईच्या कामाचे नाही, जोडाक्षरे तुटतात, अक्षराला गोडवा नाही. हे सांगणारे बहुतेक जण पाने लावायला पेजमेकर वापरत होते. त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, त्याला युनिकोड देवनागरी कळतच नव्हती. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्यालाच गाण्याचा परीक्षक नेमले होते. त्या वेळी आम्ही बोंब मारली तेव्हा ‘तुम्ही फार तांत्रिक बोलता’ असे म्हणून आम्हाला बसवले गेले. आता त्याच मंडळींचे संग्रह वाचवायला कन्व्हर्टर शोधत फिरावे लागते आहे. जाऊ द्या; पण मधूनमधून आठवण करून दिलेली बरी.

आता लेखातले उरलेले आक्षेप. खेळ चालत नाहीत: काही खरेच चालत नाहीत, महाशयांनी मुलांची क्षमा मागावी. बँक चालत नाही: ब्राउझरमधून बँकेची वेबसाइट उघडते, फोनवरच्या ॲपचे रडगाणे हा वेगळा विषय आहे आणि त्यात महाशयांची बाजू बळकट आहे. वेळ म्हणजे पैसा: ज्यांनी दर दोन वर्षांनी व्हायरसपायी मशीन पुसून घेण्यात शनिवार-रविवार घालवले त्यांनी हे बोलू नये. शिकावे लागते: सरकारी नोकरीसाठी संगणकाच्या परीक्षेचा दाखला लागतो म्हणून फी भरून, वर्गात बसून, माउस कसा धरायचा इथपासून जे शिकले, ते सवयीने आता जन्मजात वाटते. विंडोज कुणी बाळकडूतून घेतलेले नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी महाशयांच्या रांगेत उभा आहे, तो म्हणजे कीर्तनाचा. आमच्या बाजूला एक जमात आहे. नवख्याने विचारले ‘वाय-फाय लागत नाही’ की ती विचारते ‘तुला स्वातंत्र्य हवे आहे की सोय?’ नवख्याने म्हटले, मला मेल पाहायची आहे, की त्याला टर्मिनलमध्ये ढकलून मॅन्युअल वाचायला सांगतात, आणि ते वाचून काही कळले नाही तर दोष त्याच्या निष्ठेचा. चार स्वातंत्र्ये तोंडपाठ असतात: कसेही चालवा, आतून पाहून बदला, वाटा, बदललेले वाटा. पाचवी गोष्ट, म्हणजे समोरच्या माणसाचे काम अडले आहे, ती मात्र पाठ्यक्रमात नाही. यांच्याशी माझे जुने भांडण आहे. ते म्हणतात बंद फर्मवेअरचा एक तुकडा आला की सगळे विटाळले. मी म्हणतो, सोवळे पाळा, पण आलेल्या पाहुण्याला आधी पाणी तरी द्या. त्यांनी मला बाटगा ठरवले, मी त्यांना बडवे म्हटले, आणि तो विषय तिथेच आहे.

आमची लबाडी आणखी एका ठिकाणी आहे. पुस्तकाची पाने लावायला स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे मराठी मुद्रकांना सांगत आलो. त्याच्या जुन्या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे धड जुळत नव्हती. ती सोय असलेली १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४च्या आरंभी आली. मधल्या काळात ज्यांनी आमचे ऐकून पाने लावायला घेतली आणि डोके धरून बसले, त्यांच्यापुढे आमचे तोंड लहान आहे. हा दाखला महाशयांना मिळाला नाही, नाहीतर त्यांचा लेख बराच बरा झाला असता.

मग मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे कशासाठी? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. म्हणजे चांगली चालणारी असंख्य मशीने एका तारखेला म्हातारी ठरली. त्यांवर लिनक्स आजही चालते. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरची ओडीएफ फाइल २००६पासून आयएसओचे मानक आहे. तिची रचना छापील, उघडी आहे, उद्या लिब्रेऑफिस बुडाले तरी कुणीही ती उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकेल. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या फॉन्टकारांचे मुक्ता आणि बलू, आयआयटी मुंबईत घडलेला शोभिका, हे देखणे युनिकोड फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत. डोंगल नाही, वाटले तर नव्या अक्षराची भर घाला. केरळच्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर संगणक शिकवतात, तिथली पोरे काही आपल्या पोरांपेक्षा जास्त रिकामटेकडी नाहीत. यादी छोटी आहे, कबूल. पण यातल्या एकाही गोष्टीसाठी भाच्याला क्रॅक शोधत बसावे लागत नाही.

महाशयांना पुन्हा प्रयत्न करायचा असेलच, तर या खेपेला मशीनला हात लावू नये. आहे त्या विंडोजवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स घ्यावे, सहा महिने त्यांवर काम करावे. तोवर जुने लेखन एकेक फाइल कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावे, मूळ फाइल आणि फॉन्ट जपून ठेवून. प्रणाली सगळ्यांत शेवटी बदलावी, आणि तीही भाचा गावात असताना. रूपांतर झालेल्या प्रत्येक फाइलीत ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’ आणि ‘क्लृप्ती’ हे शब्द आधी शोधावेत. कन्व्हर्टर बहुधा तिथेच ठेचकाळतो.